राजेश्वरीची जागा

बालाघाट विद्यापीठात नव्या मुलांना ग्रंथालय दाखवायचा एक दिवस ठेवलेला असे, आणि नेमकी त्याच दिवशी मुलं येत नसत. परंडा, कळंब, उमरग्याहून एसटीनं येणारी पोरं नुसती पुस्तकांची कपाटं बघायला कशाला येतील? जी थोडी यायची ती पंख्याखाली बसून मोबाइल बघायची आणि पुढं वर्षभर काउंटरवर येऊन तेच ते विचारायची. एका वेळी पुस्तकं किती मिळतात, कार्ड हरवलं तर काय करायचं, प्रबंध घरी नेता येतो का. तेव्हा यंदा ग्रंथपाल रणधीर सरांनी ठरवलं, या सगळ्याची ऑनलाइन मार्गदर्शिका करून टाकायची. प्रवेश झाला की मुलाच्या मोबाइलवर दुवा जाईल, त्यात छोटे छोटे व्हिडिओ असतील, शेवटी थोडे प्रश्न असतील आणि ते सोडवले की कार्ड सुरू होईल.

काम भाग्यश्रीच्या गळ्यात आलं. भाग्यश्री सहायक ग्रंथपाल. तामलवाडीची मुलगी, धाराशिवात खोली करून राहायची आणि येडशीच्या रस्त्याला माळावर असलेल्या विद्यापीठात रोज बसनं यायची. काम अंगावर पडलं म्हणून ती कुरकुरली नाही. उलट तिला ते आवडलं. सगळं स्वतः लिहून काढलं. दारातून शिरल्यावर पिशवी कुठं ठेवायची इथपासून ते संगणकावर पुस्तक कसं शोधायचं इथपर्यंत.

"आवाज तुमचाच ठेवा," रणधीर सर म्हणाले. "पण भाषा तेवढी शुद्ध. विद्यापीठाचं काम आहे."

एरवी सर स्वतः "हिकडं या की जरा" असंच बोलायचे. पण भाग्यश्रीला त्यांचं म्हणणं पटलं. शाळेपासून तिला हे माहीत होतं की घरची बोली घरी ठेवायची आणि फळ्यासमोर उभं राहिलं की वेगळं बोलायचं.

आवाज भरायला त्यांनी प्रबंधांची खोली निवडली. तिची खिडकी उघडत नसे, त्यामुळं बाहेरचा गलका आत येत नसे. निकिता नावाची संगणक विभागातली शेवटच्या वर्षाची मुलगी मदतीला होती. चित्रीकरण तिचं, जोडकामही तिचंच. भाग्यश्री वाचू लागली की चारदोन वाक्यं नीट जायची आणि मग मध्येच 'येथे'चं 'इथं' व्हायचं, 'नाही'चं 'न्हाई'.

"मॅडम, परत," निकिता म्हणायची.

मग भाग्यश्री तेच वाक्य पुन्हा म्हणायची. चुकलेला तुकडा निकिता तिथल्या तिथं पुसून टाकायची. असे बरेच तुकडे पुसले गेले. संध्याकाळी भाग्यश्रीचा घसा दुखत होता, पण काम झालं होतं. स्वतःचा आवाज ऐकून तिला जरा परकंच वाटलं, रेडिओवरच्या बाईसारखं. तरी बरं वाटलं.

ऑगस्ट लागला आणि मुलं यायला लागली. काउंटरवर आता कुणी खुळ्यासारखं काही विचारत नव्हतं. पिशव्या आपोआप खणात जात होत्या, कार्डं आपोआप पुढं येत होती. रणधीर सर खूश होते. भाग्यश्रीही खूश होती, आणि त्या खुशीत तिच्या लक्षात यायला थोडे दिवस गेले की खिडकीपाशी कुणी बसत नाही.

वाचनकक्षातली सगळ्यात चांगली जागा तीच. कडुनिंबाकडची खिडकी, टेबलाच्या कडेची खुर्ची, वारा यायचा, उजेड यायचा आणि मोबाइलला रेंजही तिथंच मिळायची. दरवर्षी त्या खुर्चीवरून भांडणं व्हायची. यंदा ती रिकामी होती. कक्ष गच्च भरलेला असला, मुलं पायरीवर टेकून वाचत असली, तरी रिकामी. एकदा तर श्रीनाथ नावाचा भूमचा मुलगा पुस्तक हातात धरून भिंतीला टेकून उभा होता.

भाग्यश्री त्याच्याजवळ गेली. "अरे, तिकडं जागा हाय की. बस जा."

"ती राजेश्वरीची हाय ना, मॅडम."

"कोण राजेश्वरी?"

मॅडम आपली परीक्षा घेतात की काय, अशा नजरेनं श्रीनाथनं तिच्याकडं पाहिलं. "तुमीच सांगितलं की. व्हिडिओत."

त्यानं मोबाइल काढला, वाचनकक्षाचा व्हिडिओ लावला आणि इअरफोन तिच्या हातात दिले. भाग्यश्रीनं ते कानाला लावले. तिचाच शुद्ध आवाज आला, 'वाचनकक्षात शांतता राखावी.' मग जराशी मोकळी जागा. मग खुर्ची ओढल्यासारखा बारीक आवाज. आणि मग पुन्हा तिचाच आवाज, पण आता वाचत नव्हता. तामलवाडीत दारात बसून बोलावं तसा बोलत होता.

'खिडकीपाशी ती कडंची खुर्ची हाय बघा. तिथं बसू नगा. ती राजेश्वरीची जागा हाय. तिला यायला जरा उशीर हाय.'

आणि लगेच पुन्हा शुद्ध आवाज, 'भ्रमणध्वनी मूक स्थितीत ठेवावा.'

भाग्यश्रीनं इअरफोन उपसून काढले आणि तोच व्हिडिओ मोबाइलवर मोठ्यानं लावला. 'शांतता राखावी' आणि 'भ्रमणध्वनी' यांच्या मध्ये काहीच नव्हतं. पुन्हा कानाला लावलं, तर पुन्हा ते बोलणं. कार्यालयातल्या संगणकावर तिनं मूळ व्हिडिओ उघडला. तिथंही काही नव्हतं.

तिनं श्रीनाथचा मोबाइल तसाच रणधीर सरांकडं नेला. सरांनी इअरफोन लावले, डोळे मिटून ऐकलं आणि काढून ठेवले.

"आवाज तुमचाच हाय," ते म्हणाले.

"सर, पण हे मी बोललेलं न्हाई."

"मग कोण बोललं?" सर रागावले नव्हते. दमलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते. "निकिताला सांगा, तेवढं काढून टाका. आणि दोन दिवस सुट्टी घ्या वाटलं तर."

निकितानं सगळं पुन्हा तपासलं. तिला काही सापडलं नाही. "तुमी चुकला की मी पुसत होते, तेवढंच," ती म्हणाली. "पण राजेश्वरीचं नाव तुमी एकदाबी घेतलं नव्हतं, मॅडम. मी समोरच बसले होते." तरी तिनं वाचनकक्षाचा व्हिडिओ नव्यानं जोडला आणि जुन्याच्या जागी टाकला.

खुर्ची रिकामीच राहिली. भाग्यश्री आता येता-जाता तिच्याकडं बघायची. एकदा दुपारी मुलं जेवायला गेल्यावर तिनं ठरवलं की आपणच जाऊन बसावं. गेलीही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आणि मागं कुणीतरी आपल्याला 'बसू नगा' सांगायच्या बेतात आहे, अगदी आपल्याच आवाजात, असं तिला इतकं लख्ख जाणवलं की ती तशीच परत काउंटरवर आली.

प्रवेशाची शेवटची फेरी झाली आणि त्यानंतरच्या सोमवारी राजेश्वरी आली.

दारातून एक उंच, किडकिडीत मुलगी आत शिरली. दप्तर छातीशी धरलेलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. वाचनकक्षातून सरळ चालत खिडकीकडं गेली. वाटेतल्या मुलांनी पाय आत ओढून तिला जागा करून दिली. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. खुर्ची ओढल्याचा आवाज भाग्यश्रीनं आधी ऐकलेला होता. कानात. तोच.

थोड्या वेळानं ती मुलगी पुस्तक घ्यायला काउंटरवर आली. भाग्यश्रीनं तिचं कार्ड यंत्राखाली धरलं आणि पडद्यावर नाव उमटलं, राजेश्वरी. गाव अणदूर.

"तुला ती जागा कोणी सांगितली गं?" भाग्यश्रीनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"तुमीच की, मॅडम," राजेश्वरी म्हणाली. लाजरं हसली. "तुझी वाट बघायलेय म्हणलात."

त्या दिवशी बसमधून उतरून खोलीकडं चालत जाताना भाग्यश्रीनं घरी फोन लावला. आई, सुमनबाई, नेहमीसारखी घडाघडा बोलू लागली. वडील श्रीपती शेताकडं गेलेत, सोयाबीन बरं आलंय, म्हशीला बरं न्हाई. भाग्यश्री मध्ये मध्ये हो-हो करत होती. मग म्हणाली, "मी रविवारी येईन, आई. तुम्ही काळजी करू नका."

तिकडं सुमनबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भागे," ती म्हणाली, "अशी का बोलाया लागलीस? बातम्या सांगितल्यागत?"

भाग्यश्री हसली आणि 'व्हय की' म्हणायला गेली. तोंडातून 'हो' आलं. ती रस्त्यातच थांबली. 'कुठं' म्हणायचं ठरवलं, 'कुठे' आलं. 'न्हाई' म्हणायचं ठरवलं, जीभ जागेवर नेली, ओठ उघडले, आणि 'नाही' असं स्वच्छ बाहेर पडलं. विसरली नव्हती ती. शब्द डोक्यात होते, आईच्या तोंडून ऐकले की कळत होते. फक्त तिच्या तोंडून निघत नव्हते, एखाद्या खोलीला बाहेरून कडी घातलेली असावी तसे.

"घसा बसला आहे जरा," ती आईला म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात ती राजेश्वरीवर नजर ठेवून होती. मुलगी रोज यायची, त्या जागेवर बसायची, पुस्तक उघडं ठेवायची आणि कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत राहायची. कुणाशी बोलत नसे. मध्येच मान हलवायची, मध्येच हसायची.

एकदा भाग्यश्री तिच्या शेजारी जाऊन बसली. "काय ऐकतेस?"

"तुमचीच मार्गदर्शिका, मॅडम."

"अजून? ती तर चहा पिईपर्यंत संपते."

"माझी न्हाई संपली," राजेश्वरी म्हणाली. "अजून तुमी बोलतायच की."

भाग्यश्रीनं टेबलाची कड धरली. "मी काय बोलते?"

"असं काय करताय, मॅडम." पोरीला वाटलं मॅडम चेष्टा करतात. मग समोर बघत हळूच म्हणाली, "परवा जेवलीस का म्हणलात. काल आईबद्दल बोललात. मी कधी कुणाला सांगितलं न्हाई तेबी तुमाला ठाऊक हाय." तिनं पुस्तकाचं पान उगाच उलटलं. "आई गेल्यापासनं माझ्याशी इतकं कुणी बोललेलं न्हाई. मावशीकडं असते मी, येडशीला. मावशी चांगली हाय. पण तिला बोलायला येळ नसतो."

"जरा मला ऐकू दे."

राजेश्वरीनं इअरफोन दिले. भाग्यश्रीनं ऐकलं. 'संदर्भग्रंथ ग्रंथालयाबाहेर नेता येत नाहीत. धन्यवाद.' मग शांतता. तिनं पुष्कळ वेळ वाट पाहिली. तिला काहीच ऐकू येईना. श्रीनाथच्या मोबाइलवर आलं होतं तेही आता येईना. तिनं इअरफोन परत दिले. राजेश्वरीनं ते घातले आणि लगेच तिचा चेहरा उजळला, मध्येच अडलेलं बोलणं पुन्हा सुरू झाल्यासारखा.

भाग्यश्रीनं निकिताला गाठलं आणि दुवा बंद करायला लावला. सगळे व्हिडिओ काढून टाकले. रणधीर सरांना सांगितलं, त्या मुलीच्या मावशीला बोलावून घ्या, मुलगी बरी नाही. सरांनी या वेळी ऐकून घेतलं. उद्या फोन करतो म्हणाले. आणि मग कौतुकानं म्हणाले, "बाकी तुमी अलीकडं फार छान बोलायला लागलात."

भाग्यश्रीला त्या कौतुकानं कसंतरी झालं. निकितानं पुसलेले ते तुकडे तिला आठवले. पुसलेलं सगळं जातं कुठं, हे आपण कधी विचारलंच नाही, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशीही राजेश्वरी खिडकीपाशी होती आणि इअरफोन कानात होते.

"आता दुवा बंद झाला आहे," भाग्यश्री तिला म्हणाली.

"माहिताय. बंद पडंल पण तू ऐकत राहा, असं तुमीच म्हणलात," राजेश्वरी म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिनं भाग्यश्रीकडं जरा संशयानं पाहिलं. "मॅडम, तुमी इथं असल्यावर वेगळ्या का बोलताय?"

भाग्यश्री उठून सरांना मावशीच्या फोनची आठवण करायला गेली.

त्या संध्याकाळी ग्रंथालय बंद करायची वेळ झाली. शिपाई एकेक पंखा बंद करत चालला. मुलं पिशव्या घेऊन बसच्या दिशेनं पांगली. भाग्यश्री खिडकीपाशी गेली तर खुर्ची रिकामी होती, दप्तर मात्र खुर्चीवरच होतं. ती कपाटांच्या रांगांमधून बघत मागं गेली. शेवटच्या रांगेच्या पलीकडं जिना होता. वरचा मजला कधीतरी बांधायला घेतला आणि तसाच राहिला होता. खांब उभे, स्लॅब पडलेला, भिंती नाहीत. कुणी वर जाऊ नये म्हणून जिन्याच्या तोंडाशी पत्रा उभा करून तारेनं बांधलेला असायचा. मार्गदर्शिकेत या जिन्याचा शब्दही नव्हता.

तार सोडवून नीट गुंडाळून ठेवली होती. पत्रा बाजूला होता.

भाग्यश्री जिना चढली. वर वारा होता. रामलिंगच्या डोंगरामागं सूर्य बुडाला होता आणि आभाळाला अजून लाली होती. स्लॅबमधून वर आलेल्या सळया काळ्या दिसत होत्या. त्या मोकळ्या जागेत राजेश्वरी चालत होती. कानात इअरफोन. भरभर नाही. कुणीतरी घर दाखवत पुढं चाललंय आणि आपण मागं मागं निघालोय, अशी ती चालत होती. डावीकडं बघायची, मान हलवायची. मग वळायची, जिथं वळायचं काही कारण नव्हतं तिथं. एका ठिकाणी ती थांबली, हात वर केला आणि पुस्तकांच्या पाठींवरून फिरवावं तसं हवेतून बोट फिरवत गेली. मग आडवी होऊन, अंग चोरून, दोन कपाटांच्या मधल्या बोळातून निघावं तशी निघाली.

तिथं काही नव्हतं. आणि तिच्या पुढं स्लॅब संपत होता. खाली मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीसाठी खोदलेला खड्डा होता आणि त्यात उभ्या सळया.

ओरडलं तर पोर दचकेल. भाग्यश्री चपला काढून हळूहळू पुढं गेली. "राजेश्वरी," ती म्हणाली.

राजेश्वरीनं मागं न बघता हात वर केला, थांबा म्हणून. "मॅडम बोलायल्यात," ती म्हणाली.

"मी येथे आहे. मीच भाग्यश्री मॅडम आहे. माझ्याकडे बघ."

राजेश्वरी वळली. चेहऱ्यावर भीती नव्हती, गोंधळ होता. तिनं एका कानातला इअरफोन काढून हातात धरला, दुसरा तसाच राहू दिला. हातातल्या इअरफोनमधून बारीक आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. तामलवाडीची चाल. आपली आई म्हशीला हाक मारते ती, आपण लहानपणी शेजारणीला हाक मारायचो ती. भाग्यश्रीला एकदम रडू फुटायला झालं, कारण इतके दिवस तिला ती स्वतःच्या तोंडात सापडत नव्हती.

"तुमी त्या न्हाई," राजेश्वरी म्हणाली. "त्या आमच्यासारखं बोलत्यात."

"मीसुद्धा बोलत होते." भाग्यश्रीनं जीव तोडून प्रयत्न केला. 'इकडं ये पोरी' एवढंच म्हणायचं होतं. "इकडे ये, मुली," असं निघालं, पुस्तकातल्यासारखं, कोरडं.

राजेश्वरीनं मान हलवली आणि एक पाऊल मागं, कडेकडं टाकलं. "पुढल्या खोलीत आई बसलीया म्हणत्यात. शेवटची खोली हाय. तिथं मार्गदर्शिका संपती."

"तेथे खोली नाही, राजेश्वरी."

"त्यांनी सांगितलंय, तुमी असंच म्हणणार."

भाग्यश्रीला कळलं की या आवाजापुढं आपण काहीही सांगितलं तरी ते त्यानं आधीच सांगून ठेवलेलं असणार. सांगण्यात तो आपल्याला हरवणार. ती खाली बसली, तिथंच, स्लॅबवर, धुळीत. आणि सांगायचं सोडून तिनं विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?"

राजेश्वरी थांबली. "तुमाला माहीत न्हाई?"

"नाही. मला माहीत नाही."

वाऱ्यानं पोरीची ओढणी फडफडली. तिच्या कानात आवाज चालूच असणार, कारण तिची मान एकदा हलली, एकदा डोळे मिटले. पण ती भाग्यश्रीकडं बघत होती.

"तिला काय आवडायचं, तेही मला माहीत नाही," भाग्यश्री म्हणाली. शब्द अजून तसेच कोरडे होते. तिनं ते तसेच राहू दिले. "ती कशी हसायची, तुला कशी हाक मारायची, मला काहीच माहीत नाही. मी तुझ्याशी कधी बोललेच नाही, राजेश्वरी. तू सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

उजेड कमी होत होता. राजेश्वरीचे ओठ हलले.

"महेश्वरी," ती म्हणाली. "आईचं नाव महेश्वरी."

"तुला काय म्हणायची?"

"राजू म्हणायची." तिचा आवाज फुटला. "पोरावानी. राजू."

"त्या आवाजाने तुला राजू म्हटलं कधी?"

राजेश्वरीनं आठवून पाहिलं. मग हळूहळू मान नाही म्हणून हलवली, आणि तिची नजर पहिल्यांदा मागं, कडेकडं गेली. खाली खड्डा होता. ती जागच्या जागी थिजली.

"इकडे चालत ये," भाग्यश्री म्हणाली. "आणि आईबद्दल सांगत ये. काय स्वयंपाक करायची?"

"बाजरीची भाकर," राजेश्वरी म्हणाली आणि एक पाऊल पुढं आली. "शेंगदाण्याची आमटी. माझ्यासाठी आंबट चुका घालायची," आणि आणखी एक. बोलत बोलत ती भाग्यश्रीपर्यंत आली आणि तिच्या शेजारी मटकन बसली. भाग्यश्रीनं तिच्या दुसऱ्या कानातला इअरफोन स्वतःच्या हातानं काढला. दोन्हीतून आता काही येत नव्हतं. त्या दोघी अंधार पडेपर्यंत तिथं बसल्या. नंतर जिना उतरताना राजेश्वरीनं मॅडमच्या मनगटाला धरलं होतं ते काउंटरपर्यंत सोडलं नाही.

रणधीर सरांनी तिच्या मावशीला त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. वर काय घडलं ते भाग्यश्रीनं सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते पटलं की नाही हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून जिन्याचं तोंड विटांनी बुजवून घेतलं. निकितानं आपल्या संगणकातलं सगळं मूळ साहित्य भाग्यश्रीसमोर काढून टाकलं. पुसताना तिचा हात थांबला. "मॅडम, पुसू ना?" असं तिनं दोनदा विचारलं. भाग्यश्रीनंही लगेच हो म्हटलं नाही.

भाग्यश्री रविवारी तामलवाडीला गेली. सुमनबाईनं तिला काही विचारलं नाही. नुसतं शेजारी बसवून घेतलं आणि शेंगा फोडत नेहमीसारखं बोलत राहिली. भाग्यश्री ऐकत राहिली, उत्तरं देताना अडखळत राहिली. दुपारी कोंबड्या अंगणात शिरल्या, तेव्हा तिच्या तोंडून अचानक "हिकडं कुठं!" असं निघालं. त्यानंतर शब्द परत यायला लागले, पण एकदम नाही. आज एक, चार दिवसांनी दुसरा. काही अजून आलेले नाहीत. ते कोणते, हेही तिला आता नक्की सांगता येत नाही.

राजेश्वरी वर्षभर येत राहिली. खिडकीपाशी बसणं तिनं सोडलं. श्रीनाथच्या टेबलावर बसू लागली, अभ्यासापेक्षा बडबड जास्त करू लागली, आणि दोनदा भाग्यश्रीला तिला गप्प करावं लागलं. मावशीही अधूनमधून तिला न्यायला येऊ लागली. त्या दिवसाबद्दल राजेश्वरी आणि भाग्यश्री फार बोलल्या नाहीत. फक्त एकदा पुस्तक परत करताना राजेश्वरीनं विचारलं होतं, "मॅडम, ती बोलणारी वाईट होती का वो?" भाग्यश्रीनं खूप विचार केला. वाईट म्हणायला तिची जीभ वळेना. चांगली म्हणायलाही वळेना. "एकटी होती बहुतेक," ती म्हणाली.

पुढच्या जुलैत रणधीर सरांनी मार्गदर्शिकेचा विषय काढला. दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेऊ म्हणाले. भाग्यश्रीनं सांगितलं, नको, मीच फिरवून दाखवते, दहा-दहा पोरं एका वेळी. लई चालणं होईल, सर म्हणाले. होऊ द्या, ती म्हणाली.

त्या दिवसांत ती घसा बसेपर्यंत बोलायची. पिशवी इथं ठेवा, संदर्भाची पुस्तकं हिकडं, प्रबंध त्या खोलीत. प्रत्येकाला नाव विचारायची, गाव विचारायची. एकदा तेर गावाकडची एक मुलगी शेवटाला मागं राहिली आणि मोबाइल पुढं करून म्हणाली, "मॅडम, परत एकदा सांगता का सगळं? रेकॉर्ड करून ठेवते. घरी ऐकीन."

भाग्यश्रीनं मोबाइलच्या पडद्यावरचा तो लाल ठिपका पाहिला. तो आधीच लुकलुकत होता. तिनं मुलीचा हात धरून मोबाइल हळूच खाली केला.

"रेकॉर्ड नगं," ती म्हणाली. "इसरलीस तर परत ये. कितीदाबी ये. मी हाय."

मुलगी गेली. वाचनकक्षात मुलं बसली होती, खिडकीपाशीसुद्धा. भाग्यश्री कपाटांच्या रांगांमध्ये थोडा वेळ उभी राहिली. कान देऊन. मग पुढच्या दहा जणांना आणायला दाराकडं निघाली.